इंदूरच्या पाण्यात हिरवा टँक: पाणी, प्रकाश आणि पहिले सहा आठवडे

इंदूरच्या मराठी घरांत पाण्याची पहिली परीक्षा स्वयंपाकघरात होते. नर्मदेच्या पाण्यात तुरीची डाळ दोन शिट्ट्यांत मऊ होते आणि बोरिंगच्या पाण्यात चार शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाताखाली येतो. माझी आई डाळीसाठी नर्मदेचा हंडा वेगळा ठेवायची. पाण्यातल्या झाडांचा आणि माशांचा काचेचा टँक, म्हणजे अ‍ॅक्वेरियम, ठेवायला लागल्यावर मला कळलं, की मासे आणि वनस्पती यांच्या बाबतीतही शहाणपण तिथूनच सुरू होतं. आज बादलीत कोणतं पाणी आहे, हे आधी माहीत हवं.

नवीन माणूस दुकानात जातो, झाडं, मासे आणि लाइट एकाच दिवशी घरी आणतो, आणि महिन्याभरात काच हिरवी होऊन झाडं सडायला लागली की समजतो, आपल्या हाताला यश नाही. हाताचा यात काही दोष नसतो. बहुतेक वेळा पाणी ओळखलेलं नसतं आणि लाइट गरजेपेक्षा जास्त वेळ चालू असतो. खाली जे सांगते आहे ते दोन फुटी टँक धरून, म्हणजे 24 इंच लांब, 12 इंच रुंद आणि 12 इंच उंच. त्यात काठोकाठ 55 लिटरच्या आसपास पाणी मावतं, वाळू आणि दगड घातल्यावर 45. काच, वाळू, पाणी मिळून वजन 70 किलोच्या पुढे जातं. त्यामुळे टीपॉयवर ठेवू नका. पक्क्या ओट्यावर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा आणि खाली थर्माकोलचा पत्रा घाला.

आधी पाणी ओळखा

आपल्या शहरात पाणी दोन वाटांनी येतं. एक नर्मदेचं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ते 70 किलोमीटर लांबून, पंपांनी 400 मीटरहून अधिक उंच चढवून, विंध्याचा घाट ओलांडून इथं पोचतं. 1978 पासून शहर त्यावर जगतं आहे. दुसरं बोरिंगचं. माळव्याची जमीन म्हणजे वर काळी माती आणि खाली काळा बेसाल्ट खडक. त्या खडकाच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं, म्हणून जड होतं. गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर जो पांढरा थर बसतो, तो हाच.

खरी अडचण जड पाण्याची नाही, बदलत्या पाण्याची आहे. बऱ्याच वस्त्यांत नर्मदा एक दिवसाआड येते. उरलेल्या दिवशी गच्चीवरच्या टाकीत बोरिंगचं पाणी चढतं, उन्हाळ्यात टँकरचंही. नळ तोच, पण सोमवारचं पाणी वेगळं आणि गुरुवारचं वेगळं. झाडं हळूहळू कशाशीही जुळवून घेतात. दर आठवड्याला नव्यानं जुळवून घ्यावं लागलं की मात्र ती थकतात.

हे मी चांगलंच सोसलं आहे. एका मे महिन्यात आमच्याकडे तीन दिवस नर्मदा आली नाही. टाकीत काय आहे याचा विचार न करता मी निम्मं पाणी बदललं. आठवड्याभरात क्रिप्टोकोरीन या पाण्यातल्या झाडाची पानं काचेसारखी पारदर्शक झाली, मग लिबलिबीत होऊन गळून गेली. झाड मेलं असं समजून मी मुळासकट उपटून टाकलं. त्याचं दुःख आजही वाटतं, कारण मुळं जिवंत होती. क्रिप्टोकोरीन असंच वागतं. परिस्थिती एकदम बदलली की पानं टाकून देतं, आणि तीन-चार आठवड्यांत त्याच मुळांतून नवी पानं काढतं. तुमचं झाड असं गळालं तर सडकी पानं काढा, मुळाला हात लावू नका.

ओळखीसाठी दोन साधनं पुरेत. पहिलं टीडीएस मीटर, आरओ दुरुस्त करायला येणारे लोक बुडवून आकडा दाखवतात ते. टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे, त्यात सगळे विरघळलेले क्षार मोजले जातात. पण नळाला आज कोणतं पाणी आहे हे ते अर्ध्या मिनिटात सांगतं. नर्मदा आलेली असताना थेट नळाचा आकडा घ्या, मग फक्त बोरिंगचा घ्या, आणि दोन्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढं कधीही आकडा मधलाच आला, तर ते मिश्रण आहे हे लगेच कळतं. दुसरं साधन म्हणजे थेंब टाकून रंग बघायचा टेस्ट किट. त्यात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच, एकूण जडपणा म्हणजे जीएच, आणि कार्बोनेट जडपणा म्हणजे केएच, एवढं मोजता यायला हवं. कागदी पट्ट्या स्वस्त पडतात, पण अमोनियाच्या बाबतीत मी त्यांच्यावर भरवसा ठेवत नाही.

जीएच 4 ते 12 अंशांत (हे जडपणाचे अंश, तापमानाचे नव्हेत) असेल तर नवशिक्याच्या जवळजवळ सगळ्या वनस्पती वाढतात. केएच 3 च्या खाली जाऊ देऊ नका, कारण पीएचला धरून ठेवणारा तोच आहे. बोरिंगचं पाणी 20 अंशांचं निघालं तर घाबरू नका, त्यात आरओचं पाणी मिसळा. हिशेब सोपा आहे: एक बादली 20 अंशांचं आणि एक बादली आरओचं मिळून साधारण 10 अंशांचं पाणी होतं. हे प्रमाण एकदा ठरलं की दर वेळी तेच ठेवा.

तीन गोष्टी टाळा. नुसतं आरओचं पाणी टँकमध्ये भरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात, केएच शून्यावर येतो आणि पीएच कधी कोसळेल सांगता येत नाही. आरओच्या बाहेर पडणाऱ्या नळीचं पाणी वापरू नका, कारण गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. आणि घरात मीठ घालायचा सॉफ्टनर असेल तर त्यातलंही नको. तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, झाडांना मात्र सोडियम नको असतं आणि कॅल्शियम हवं असतं.

पाणी साठवायची सवय

झाकणाचा 50 लिटरचा एक ड्रम फक्त टँकसाठी ठेवा. नर्मदा येते तेव्हा तो थेट नळावरून भरा, गच्चीच्या टाकीतून नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना मारतं. ड्रम 24 तास उघडा ठेवून त्यात एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड सोडला तर क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापानं घाला. ते बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं आणि मिनिटभरात काम करतं. पावसाळ्यात नदी गढूळ असते तेव्हा शुद्धीकरणात रसायनं जास्त लागतात. क्लोरीनचा वास एरवीपेक्षा उग्र आला तर ड्रम दोन दिवस ठेवा.

उघडा ड्रम म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. तोंडावर जुन्या सुती साडीचा तुकडा दोरीनं घट्ट बांधा. हवा जाते, डास जात नाही.

वाळू, दगड आणि पहिली झाडं

बांधकामाची वाळू चालते. मैद्याच्या चाळणीनं नव्हे, रव्याच्या चाळणीनं चाळा, बारीक भुकटी टाकून द्या आणि उरलेली वाळू पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. मग मूठभर वाळूवर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे आणि ती पाणी आणखी जड करत राहील. दगडांनाही हीच परीक्षा लावा. संगमरवराचे तुकडे आणि शिंपले दिसायला छान, पण बोरिंगच्या पाण्यात आगीत तेल ओतल्यासारखं होतं. वाळूचा थर पुढं दीड इंच, मागं अडीच इंच ठेवा. वाळूत स्वतःचं अन्न नसतं, म्हणून मुळांवर जगणाऱ्या झाडांपाशी खताच्या गोळ्या पुराव्या लागतात.

झाडांची निवड पाण्यावरून करा. व्हॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्ट ही जड पाण्यातली माझी आवडती. पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी पडला तर ही दोन्ही पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतात, आणि आपल्या बोरिंगला बायकार्बोनेटची कमी नाही. हॉर्नवर्टला रोवायचीही गरज नसते, तरंगत राहून ते भराभर वाढतं आणि पाण्यातला अमोनिया ओढून घेतं. त्यांच्या जोडीला हायग्रोफिला, क्रिप्टोकोरीन, जावा मॉस. जावा फर्न आणि अनुबियासचं आडवं जाड खोड वाळूत पुरू नका, ते सडतं. दोऱ्यानं दगडाला किंवा लाकडाला बांधा. दुकानातली लालभडक झाडं सुरुवातीला आणू नका. त्यांना बहुतेक वेळा प्रखर प्रकाश, सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड आणि मऊ पाणी असं सगळं एकत्र लागतं.

पहिल्याच दिवशी भरपूर झाडं लावा, वाळूचा अर्ध्याहून जास्त भाग झाकेल इतकी. दोन काड्या लावून वाट बघत बसलं की त्या रिकाम्या जागेचा आणि अन्नाचा ताबा शेवाळं घेतं.

मासे आणण्याआधीचे आठवडे

सर्वांत जास्त मासे इथं मरतात, म्हणून इथं थोडं थांबते. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून आणि सडणाऱ्या पानांतून अमोनिया तयार होतो. तो विष आहे. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट कमी प्रमाणात निरुपद्रवी असतं आणि झाडांचं खतही असतं. हे जिवाणू नव्या टँकमध्ये नसतात, आणि त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आपल्यासाठी यात एक खास धोका आहे. पीएच 7 असताना पाण्यातला अमोनिया बहुतांश निरुपद्रवी रूपात असतो. पीएच 8 झाला की त्याचा विषारी भाग साधारण दहापट होतो. बोरिंगचं पाणी अनेकदा 8 च्या आसपास असतं. म्हणजे पुस्तकात वाचलेला ‘थोडासा अमोनिया चालतो’ हा सल्ला आपल्या नळाला लागू नाही.

जिवाणूंना अन्न द्यायचं तर मासा बळी देऊ नका. भांड्यांच्या कल्हईला लागणारा नवसागर आठवतो? तोच अमोनियम क्लोराइड. फक्त किराणातला नको, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडून शुद्ध आणा. 45 लिटरला 0.3 ग्रॅम घातलं की अमोनिया लिटरला सुमारे 2 मिलिग्रॅम होतो. दर दोन दिवसांनी मोजा. अमोनिया शून्याकडे गेला की तेवढीच मात्रा पुन्हा द्या. सुरुवातीला अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतं, मग नायट्राइटही उतरतं. मात्रा दिल्यावर 24 तासांत दोन्ही शून्य आले, की निम्मं पाणी बदला आणि मासे आणायला जा. ओळखीतल्या कुणाच्या निरोगी टँकमधला जुना स्पंज मिळाला तर हा काळ निम्म्यावर येतो. तो ओला ठेवूनच आणा.

डिसेंबर-जानेवारीत इंदूरच्या रात्री 10 अंशांच्या खाली जातात आणि थंड पाण्यात जिवाणू सुस्तावतात. 50 वॅटचा हीटर 25 अंशांवर लावा. वाट बघण्याचा हा काळ मला तरी कंटाळवाणा वाटत नाही. रोज सकाळी चहा घेताना कुठून नवा कोंब फुटला ते बघायचं.

प्रकाश

महागड्या लाइटवाचून चालतं. घरात लावतो ती दोन फुटी, 10 वॅटची एलईडी पट्टी घ्या. खोक्यावर ‘कूल डेलाइट’ आणि 6500 केल्विन लिहिलेलं असतं. ती साधारण 1000 ल्यूमेन प्रकाश देते, म्हणजे आपल्या टँकला लिटरमागे 18 ते 22 ल्यूमेन. वर सांगितलेल्या झाडांना तेवढं पुरतं. दुप्पट प्रकाश दिला तर झाडं दुप्पट वाढतील असं वाटतं, पण झाडांना प्रकाशाबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि खतही त्याच प्रमाणात लागतं. ते नसेल तर जादा प्रकाश शेवाळ्याच्या कामी येतो.

वेळ त्याहून महत्त्वाची. पहिले चार आठवडे रोज 6 तास, मग झाडांनी जोर धरला की 7, फार तर 8. हात हे काम नेमानं करत नाहीत, पाहुणे आले की लाइट रात्री अकरापर्यंत चालतो. टायमर लावा. गोल चकतीचा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो, त्यामुळे महिन्याभरात दुपारी दोनचा लाइट चारला लागायला लागतो. आतल्या सेलवर वेळ धरून ठेवणारा डिजिटल टायमर घ्या. मी दुपारी तीन ते रात्री दहा ठेवते, म्हणजे घरचे सगळे जमलेले असताना टँक उजळलेला असतो.

पश्चिमेच्या खिडकीपाशी टँक ठेवू नका. माळव्यातलं एप्रिलचं ऊन दोन तास आत पडलं तरी पाणी हिरवंगार होतं. तसं झालंच तर लाइट बंद करून टँक जाड चादरीनं तीन-चार दिवस पूर्ण झाका, एअर पंप मात्र चालू ठेवा. मग पाणी बदला.

एक गोष्ट जिवाची आहे. घरगुती पट्टी पाण्यासाठी बनवलेली नसते. टँकवर काचेचं झाकण ठेवूनच ती वर बसवा. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाशी टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. पाण्यात हात घालण्याआधी हीटर आणि लाइटचे खटके बंद.

दर आठवड्याचं काम

ठरलेल्या एका दिवशी पाव भाग पाणी बदला, ड्रममधल्या पाण्यानं. आधी दोन्ही पाण्यांत हात घालून बघा, गारवा सारखा लागला पाहिजे. काढलेलं पाणी तुळशीला आणि कुंड्यांना घाला, त्यात नायट्रेट असतं. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा त्या काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला तर क्लोरीननं जिवाणू मरतात आणि चार आठवड्यांची मेहनत जाते. नायट्रेट लिटरला 10 ते 20 मिलिग्रॅम असेल तर झाडंही खूष, मासेही.

उन्हाळ्यात पाणी उडून पातळी उतरते. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. ती तूट बोरिंगच्या पाण्यानं भरत गेलात तर जूनपर्यंत टँकमधला जडपणा कितीतरी वाढलेला असतो. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी घाला, बदलायच्या पाण्यात मात्र नेहमीचं मिश्रण. मेमध्ये पारा 40 च्या वर गेला की टँकचं पाणी 32-33 होतं, गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि मासे वर येऊन तोंड उघडतात. झाकण थोडं सरकवून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. आपली हवा कोरडी असल्यामुळे दोन-तीन अंश सहज उतरतात. एअर पंप रात्रीही चालू हवा, कारण अंधारात झाडंसुद्धा प्राणवायू घेतात. त्याला जेमतेम 3-4 वॅट लागतात, इन्व्हर्टरवर जोडून ठेवा.

झाडं काय म्हणतात ते पानांवर वाचता येतं. जुनी पानं पिवळी पडली तर नायट्रोजन कमी, जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडून ती रुंदावली तर पोटॅश कमी, नवी पानंच फिकट निघाली तर लोह कमी. जड पाण्यात लोह लवकर निरुपयोगी होतं, त्यामुळे ही शेवटची खूण इंदुरात जास्त दिसते. द्रवखत बाटलीवरच्या निम्म्या मापानं सुरू करा. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून विकतात ते व्हॅलिसनेरियाला सोसत नाही, पानं वितळतात. नव्या टँकमध्ये काचेवर तपकिरी पावडर बसते, ती पुसा, काही आठवड्यांत आपोआप कमी होते. वाळूवर उग्र वासाची निळसर-हिरवी साय पसरली तर ती नळीनं ओढून काढा आणि त्या भागात पाणी फिरतं आहे का बघा.

मासे हळूहळू आणा. टँक तयार झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात पाच-सहा गप्पी किंवा प्लॅटी, यांना जड पाणी मानवतं. झेब्रा डॅनिओ आपल्याच देशातला मासा, काटक आणि चपळ, पण त्याला सहा जणांचा थवा लागतो. निऑन टेट्रा मऊ पाण्यातला, त्याचा मोह मिश्रण नीट बसेपर्यंत आवरा. नवे मासे आणल्यावर पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग अर्धा तास थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला. पिशवीतलं पाणी मात्र टँकमध्ये ओतू नका, मासे जाळीनं उचलून सोडा.

दिवाळीत आठवडाभर गावी जाणार असाल तर मोठ्या निरोगी माशांना तेवढे दिवस उपास चालतो. शेजारच्या काकू प्रेमानं मूठभर खाद्य टाकतात आणि परत येईपर्यंत पाणी नासलेलं असतं. त्यांना द्यायचंच असेल तर चिमूटभर खाद्याच्या दोनच पुड्या बांधून द्या आणि डबा कपाटात ठेवा. निघायच्या दोन दिवस आधी पाव भाग पाणी बदला, टायमर 6 तासांवर आणा, आणि आल्या आल्या लागेल म्हणून नर्मदेचा ड्रम भरून, साडीचा तुकडा बांधून मगच कुलूप लावा.